रजोनिवृत्तीचा संक्रमणकाल आणि संप्रेरक उपचार : आरंभ केव्हा करावा?

मुलीला पहिली पाळी येते त्या वयाविषयी आता शाळेत शिकविले जाते, अंगणवाडीत सांगितले जाते आणि घरातही थोडेबहुत बोलले जाते. पाळी जाण्याच्या वयाविषयी मात्र समाजात अद्याप मौन आहे. रात्री घामाने अंथरूण भिजते, झोप लागत नाही, अंगातून एकाएकी वाफा निघतात, चिडचिड होते, पाळी कधी दोन महिने येत नाही तर कधी पंधरा दिवस थांबत नाही. या तक्रारींना घरात मिळणारे उत्तर एकच असते. "वयाचा भाग आहे, सोसायला हवे." दवाखान्यात गेल्यास काही वेळा याच्या अगदी उलट टोकाचा सल्ला मिळतो, तो म्हणजे "पिशवी काढून टाका." सोसणे आणि पिशवी काढणे या दोन टोकांच्या मध्ये वैद्यकशास्त्राने सिद्ध केलेले बरेच उपाय आहेत. संप्रेरक उपचार, म्हणजे हार्मोन रिप्लेसमेंट थेरपी, हा त्यांपैकी सर्वांत परिणामकारक आणि सर्वांत अधिक गैरसमजांनी वेढलेला उपाय होय. तो सर्वच स्त्रियांना आवश्यक नसतो. ज्यांना आवश्यक असतो त्यांच्या बाबतीत तो योग्य वेळी सुरू होणे महत्त्वाचे ठरते. ही योग्य वेळ कशी ठरवावी, याचे विवेचन पुढे केले आहे.

संक्रमणकाल म्हणजे काय?

सलग बारा महिने पाळी आली नाही, आणि त्याला गरोदरपण, आजार वा औषध असे दुसरे कारण नाही, म्हणजे रजोनिवृत्ती झाली असे मानतात. ही तारीख मागे वळून पाहिल्यावरच कळते. पाश्चात्त्य देशांत रजोनिवृत्तीचे सरासरी वय सुमारे ५१ आहे, तर भारतात ते ४६ ते ४७ च्या आसपास आढळते. तिच्या अगोदरचा काही वर्षांचा काळ आणि शेवटच्या पाळीनंतरचे एक वर्ष मिळून जो काळ होतो, त्याला रजोनिवृत्तीचा संक्रमणकाल म्हणतात. भारतीय स्त्रीच्या बाबतीत तो चाळिशीच्या पहिल्या निम्म्यातच सुरू होऊ शकतो. संसार, नोकरी, शेती, मुलांची शिक्षणे आणि सासू-सासऱ्यांची आजारपणे हे सर्व एकाच वेळी अंगावर असण्याचा हा काळ असतो.

या काळात स्त्रीबीजकोशांतील बीजांचा साठा संपत येतो. इस्ट्रोजेन हे संप्रेरक हळूहळू व एकसारखे कमी होत जाते अशी सर्वसाधारण समजूत आहे, परंतु वस्तुस्थिती वेगळी आहे. संक्रमणकाळात इस्ट्रोजेनचे प्रमाण विहिरीच्या पाण्यासारखे संथपणे ओसरत नाही. ते कधी नेहमीपेक्षाही वर जाते, तर कधी एकदम खाली येते. ज्या महिन्यात बीज बाहेर पडत नाही त्या महिन्यात प्रोजेस्टेरॉन हे दुसरे संप्रेरक तयार होत नाही. त्यामुळे गर्भाशयाचे अस्तर जाड होते आणि नंतर अतिरक्तस्राव होतो. अंगातून वाफा निघणे, रात्रीचा घाम व निद्रानाश हे इस्ट्रोजेनच्या खाली येण्याशी संबंधित असतात. एकाच स्त्रीला एका महिन्यात अतिरक्तस्राव आणि पुढच्या महिन्यात घाम, असे का होते याचा उलगडा यातून होतो.

संक्रमणाचे टप्पे ठरविण्याची आंतरराष्ट्रीय पद्धती २००१ मध्ये तयार झाली व २०११ मध्ये ती सुधारण्यात आली. तिच्यानुसार लागोपाठच्या दोन पाळ्यांच्या अंतरात सात वा अधिक दिवसांचा फरक वारंवार पडू लागला की संक्रमणाचा पूर्वार्ध सुरू झाला असे समजतात, आणि साठ वा अधिक दिवस पाळी आली नाही की उत्तरार्ध. पंचेचाळिशी ओलांडलेल्या स्त्रीमध्ये लक्षणे व पाळीचा इतिहास एवढ्यावरूनच निदान करता येते, त्यासाठी रक्तातील संप्रेरके मोजण्याची सहसा गरज नसते. आज मोजलेला आकडा पुढच्या आठवड्यात बदललेला असू शकतो, हे त्याचे कारण. मात्र चाळिशीच्या आत पाळी बंद पडत असेल तर तपासण्या अवश्य करावयास हव्यात.

आशा, भीती आणि फेरविचार

या उपचाराविषयी आज जो संभ्रम आहे तो समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते. गाभण घोडीच्या मूत्रापासून मिळविलेल्या इस्ट्रोजेनच्या गोळीला अमेरिकेत १९४२ मध्ये मान्यता मिळाली. १९६० नंतरच्या दशकात स्त्रीला चिरतरुण ठेवणारे औषध म्हणून तिचा प्रचार झाला. परंतु एकटे इस्ट्रोजेन घेणाऱ्या स्त्रियांमध्ये गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग वाढतो, असे १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. गर्भाशय असलेल्या स्त्रीला इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टेरॉन किंवा त्याच्यासारखे औषध दिले की हा धोका टळतो, हे त्यानंतर निश्चित झाले. आजही हा नियम कायम आहे.

दुसरा मोठा टप्पा म्हणजे अमेरिकेतील 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' हा अभ्यास होय. त्यातील एका भागात ५० ते ७९ वयाच्या १६,६०८ स्त्रियांचा समावेश होता. काहींना दोन्ही संप्रेरकांच्या गोळ्या व काहींना औषधविरहित गोळ्या देण्यात आल्या. जुलै २००२ मध्ये, सरासरी ५.२ वर्षांनंतर, हा भाग मुदतीपूर्वी थांबविण्यात आला. स्तनाचा कर्करोग, हृदयविकार, पक्षाघात व फुफ्फुसातील रक्ताच्या गुठळ्या यांत वाढ आढळली होती. ही बातमी जगभर पसरली, लाखो स्त्रियांनी औषध एका दिवसात बंद केले आणि डॉक्टरांनीही ते लिहून देणे सोडले. "या गोळ्यांनी कर्करोग होतो" हे वाक्य त्या वेळेपासून रूढ झाले.

आकड्यांचा अर्थ

वाढ झाली हे खरे, पण ती किती होती? दहा हजार स्त्रियांनी एक वर्ष उपचार घेतल्यास स्तनाच्या कर्करोगाचे आठ, हृदयविकाराचे सात, पक्षाघाताचे आठ व फुफ्फुसातील गुठळ्यांचे आठ रुग्ण अधिक आढळले. त्याचबरोबर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे सहा व खुब्याच्या अस्थिभंगाचे पाच रुग्ण कमी आढळले. यापेक्षाही महत्त्वाची बाब वयाची होती. भाग घेतलेल्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. पंचेचाळीस-पन्नाशीत वाफा व घाम यांनी हैराण झालेल्या स्त्रिया त्यांत फारच थोड्या होत्या. साठीनंतर प्रथमच औषध सुरू केलेल्या स्त्रियांचे निष्कर्ष पंचेचाळिशीच्या स्त्रीला जसेच्या तसे लावण्यात आले, हा या गोंधळाचा मूळ मुद्दा होय.

गर्भाशय पूर्वीच काढलेल्या १०,७३९ स्त्रियांना केवळ इस्ट्रोजेन देऊन केलेला दुसरा भाग २००४ मध्ये थांबविण्यात आला. त्यात पक्षाघात वाढलेला आढळला, परंतु स्तनाचा कर्करोग वाढलेला आढळला नाही. या दोन्ही भागांतील स्त्रियांचा एकूण १८ वर्षांचा मागोवा घेऊन २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यांनुसार उपचार घेतलेल्या व न घेतलेल्या स्त्रियांच्या एकूण मृत्यूंच्या प्रमाणात फरक नव्हता.

याचा अर्थ धोका नाहीच, असा मात्र नव्हे. अनेक देशांतील अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. पाश्चात्त्य देशांतील स्त्रियांसाठी त्यातील हिशेब असा आहे. पन्नास ते एकोणसत्तर या वयात, उपचार कधीही न घेतलेल्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे ६.३ जणींना स्तनाचा कर्करोग होतो. पन्नासाव्या वर्षी सुरू करून पाच वर्षे दोन्ही संप्रेरके रोज घेणाऱ्यांत हे प्रमाण ८.३, प्रोजेस्टेरॉनसारखे औषध महिन्यातील काही दिवसच घेणाऱ्यांत ७.७, तर केवळ इस्ट्रोजेन घेणाऱ्यांत ६.८ होते. भारतीय स्त्रियांत या रोगाचे मूळ प्रमाण पाश्चात्त्यांपेक्षा बरेच कमी आहे. तरीही धोका किती, कोणाला व किती काळाने, हे स्त्रीला आकड्यांसह समजावून सांगितले पाहिजे. तिला भीती घालणे जितके चूक, तितकेच तिच्यापासून हे लपविणे चूक.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००३ पासून या औषधांच्या वेष्टनांवर ठळक चौकटीतील इशारा छापणे बंधनकारक केले होते. हृदयविकार, स्तनाचा कर्करोग व स्मृतिभ्रंश यांसंबंधीचा हा चौकटीतील इशारा काढण्याची कार्यवाही नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर करण्यात आली. गर्भाशय असताना एकटे इस्ट्रोजेन घेण्याविरुद्धचा इशारा मात्र कायम ठेवण्यात आला.

आरंभ केव्हा करावा?

या सर्व संशोधनातून निघणारे सूत्र आता बहुतेक तज्ज्ञसंस्थांना मान्य आहे. वय साठीच्या आत आहे किंवा रजोनिवृत्तीला दहा वर्षे झालेली नाहीत, उपचाराला आडकाठी ठरेल असा आजार नाही आणि लक्षणांनी दैनंदिन जीवन विस्कळीत झाले आहे, अशा स्त्रीच्या बाबतीत उपचाराचे लाभ धोक्यांपेक्षा सामान्यतः अधिक असतात. या सूत्राचा भारतीय परिस्थितीत थोडा निराळा अर्थ होतो. ज्या स्त्रीची पाळी छेचाळिसाव्या वर्षी गेली तिची दहा वर्षे छप्पनाव्या वर्षीच पूर्ण होतात. म्हणून केवळ "साठीच्या आत" एवढाच निकष धरून न चालता पाळी जाऊन किती वर्षे झाली, हेही विचारणे इष्ट ठरते.

पाळी पूर्णपणे थांबेपर्यंत उपचारासाठी वाट पाहावी लागते, ही समजूत सर्वत्र आढळते. ती बरोबर नाही. संक्रमणकाळातच, पाळी अनियमितपणे येत असतानाही, उपचार सुरू करता येतो. अमेरिकेत १९९६ पासून चालू असलेल्या एका दीर्घ अभ्यासाचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. वाफा व घाम यांचा त्रास निम्म्या स्त्रियांत ७.४ वर्षांहून अधिक काळ टिकतो आणि ज्यांना तो पाळी चालू असतानाच सुरू होतो त्यांच्यात तर तो आणखी लांबतो, असे त्यात आढळले. "एखादे वर्ष सोसा, आपोआप जाईल" हा सल्ला म्हणूनच अनेकींच्या बाबतीत खरा ठरत नाही.

लक्षणांची तीव्रता ठरविण्याचा अधिकार स्त्रीचाच आहे. रात्री किती वेळा जाग येते, कामावर चुका होतात काय, चारचौघांत बसणे नकोसे वाटते काय, घरातील संबंधांवर परिणाम होतो काय, हे प्रश्न कोणत्याही रक्ततपासणीपेक्षा अधिक उपयोगी आहेत. दोन-तीन महिने एका वहीत पाळीच्या तारखा, रक्तस्रावाचे प्रमाण, वाफा व झोप यांची नोंद ठेवून ती डॉक्टरांना दाखविल्यास निर्णय सोपा होतो. लिहिता न येणाऱ्या स्त्रीसाठी घरातील शाळकरी मुलगी वा आशा कार्यकर्ती ही नोंद करू शकते.

ज्या स्त्रीला त्रास नाही, किंवा आहे तो सहज सुसह्य आहे, तिने उपचार सुरू करण्याचे कारण नाही. तारुण्य टिकविणे, कातडी तजेलदार ठेवणे, हृदयविकार वा स्मृतिभ्रंश टाळणे या हेतूंनी हे औषध घ्यावे असे कोणतीही जबाबदार तज्ज्ञसंस्था सांगत नाही. पासष्टी उलटलेल्या स्त्रियांना दोन्ही संप्रेरके दिली असता स्मृतिभ्रंशाचे प्रमाण वाढल्याचे २००३ मध्ये आढळले होते. हाडांच्या बाबतीत चित्र वेगळे आहे. शेवटच्या पाळीच्या अलीकडच्या एका वर्षापासून पलीकडच्या दोन वर्षांपर्यंत हाडांची झीज सर्वांत वेगाने होते. उपचार चालू असेपर्यंत ही झीज रोखली जाते.

केव्हा थांबावे?

स्तनाचा कर्करोग झालेला असणे, कारण न कळलेला रक्तस्राव, पायाच्या शिरांत वा फुफ्फुसात नुकतीच झालेली रक्ताची गुठळी, नुकताच आलेला हृदयविकाराचा झटका वा पक्षाघात, यकृताचा सक्रिय आजार, आटोक्यात नसलेला रक्तदाब आणि गरोदरपण या स्थितींत हा उपचार सुरू करीत नाहीत. यांपैकी रक्तदाब आधी आटोक्यात आणून नंतर विचार करता येतो. आटोक्यात असलेला मधुमेह ही आडकाठी नव्हे.

अतिरक्तस्रावाकडे विशेष लक्ष दिले पाहिजे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. अगोदरच रक्त कमी असलेल्या स्त्रीला संक्रमणकाळातील अतिरक्तस्राव चांगलाच भोवतो. तिला दम लागतो, छातीत धडधडते, थकवा येतो आणि हे सर्व "पाळी जाण्याचे" म्हणून सोडून दिले जाते. गाठी, अस्तराची अवाजवी वाढ, थायरॉइडचा विकार आणि क्वचित कर्करोग यांचा शोध घेतल्याशिवाय अशा स्त्रीला संप्रेरके देऊ नयेत. पाळी जाऊन वर्ष उलटल्यानंतर रक्ताचा एक डाग जरी दिसला तरी तपासणी करून घेतलीच पाहिजे.

पिशवी काढलेल्या स्त्रिया

महाराष्ट्राच्या दृष्टीने या विषयाची एक बाजू विशेष गंभीर आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये ऐरणीवर आला. राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यात सर्वेक्षण केलेल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची अशी शस्त्रक्रिया झालेली आढळली. अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्र शासनाने २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना तयार केल्या व त्यांची अंमलबजावणी राज्यांनी तीन महिन्यांत करावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये दिला.

शस्त्रक्रिया होऊन गेलेल्या स्त्रियांचे पुढे काय, हा प्रश्न मात्र चर्चेत मागे पडतो. गर्भाशयाबरोबर दोन्ही स्त्रीबीजकोश काढले असतील तर त्या स्त्रीची रजोनिवृत्ती त्याच दिवशी होते. तिला संक्रमणकाल मिळतच नाही. पस्तिसाव्या वर्षी असे झाले तर पुढील दहा-बारा वर्षे शरीराला जे इस्ट्रोजेन मिळावयाचे ते मिळत नाही, हाडे लवकर ठिसूळ होतात व हृदयविकाराचा धोका वाढतो. चाळिशीच्या आत आपोआप पाळी गेलेल्या स्त्रियांनाही हेच लागू आहे. यांच्या बाबतीत प्रश्न केवळ वाफा व घाम यांचा नसतो. आडकाठी नसेल तर उपचार विनाविलंब सुरू करून तो नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत, म्हणजे साधारण पन्नाशीपर्यंत, चालू ठेवावा अशी शिफारस आहे. पन्नाशीनंतर उपचार घेणाऱ्यांसाठी वर दिलेले धोक्याचे आकडे या तरुण स्त्रियांना लावता येत नाहीत, कारण येथे शरीराला त्या वयात असावयास हवे तेच परत दिले जाते.

बीजकोश ठेवून केवळ गर्भाशय काढले असेल तरी काही स्त्रियांत बीजकोशांचे कार्य अपेक्षेपेक्षा काही वर्षे आधी मंदावते. पाळीच नसल्याने संक्रमणाची बाहेरची खूण त्यांना दिसत नाही, केवळ लक्षणांवरूनच ते ओळखावे लागते. म्हणून शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येक स्त्रीजवळ रुग्णालयाचा डिस्चार्ज कागद असावा व त्यावर बीजकोश काढले की ठेवले, हे स्पष्ट लिहिलेले असावे. अनेक स्त्रियांना आपले नेमके काय काढले हेच ठाऊक नसते. आरोग्यसेविकेने गृहभेटीत विचारण्याचा हा पहिला प्रश्न असावा.

उपचाराचे स्वरूप

गर्भाशय असलेल्या स्त्रीला दोन्ही संप्रेरके, गर्भाशय नसलेल्या स्त्रीला सामान्यतः केवळ इस्ट्रोजेन, हा मूलभूत नियम होय. संक्रमणकाळात इस्ट्रोजेन रोज व प्रोजेस्टेरॉन महिन्यातील १२ ते १४ दिवस देतात. त्यामुळे पाळी ठरावीक वेळी येते. दोन्ही रोज देण्याची पद्धत पाळी जाऊन वर्ष झालेल्या स्त्रीसाठी योग्य असते. संक्रमणकाळात ती वापरल्यास, स्वतःचे बीजकोश अद्याप काम करीत असल्याने, अवेळी रक्तस्राव होत राहतो. अतिरक्तस्राव हीच मुख्य तक्रार असल्यास गर्भाशयात बसविण्याचे, लेव्होनॉर्जेस्ट्रेल हे संप्रेरक सोडणारे साधन उपयोगी पडते. ते रक्तस्राव कमी करते, अस्तराचे रक्षण करते आणि गर्भनिरोधही साधते.

इस्ट्रोजेन गोळीच्या रूपाने तसेच त्वचेवर लावावयाच्या पट्टीच्या वा जेलच्या रूपाने मिळते. गोळीने रक्ताच्या गुठळीचा धोका काहीसा वाढतो. त्वचेतून नेहमीच्या मात्रेत दिल्यास तो वाढलेला आढळत नाही. म्हणून स्थूल स्त्रियांसाठी त्वचेतून देणे श्रेयस्कर मानतात. केवळ योनिमार्गाची कोरड, जळजळ वा वारंवार लघवीचा त्रास असेल तर तेथेच लावण्याचे अल्प मात्रेचे मलम पुरते, ते रक्तात फारच थोडे उतरते.

हा उपचार गर्भनिरोधक नव्हे, ही बाब वारंवार सांगण्यासारखी आहे. पन्नाशीच्या आत शेवटच्या पाळीनंतर दोन वर्षे व पन्नाशीनंतर एक वर्ष गर्भनिरोधनाची काळजी घ्यावी लागते. सुरुवातीला वजन, रक्तदाब, स्तनांची तपासणी व आवश्यकतेप्रमाणे इतर चाचण्या, तीन महिन्यांनी फेरतपासणी आणि नंतर वर्षातून एकदा आढावा, असा क्रम असतो. अनेक चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यानुसार वाफांची संख्या औषधविरहित गोळीच्या तुलनेत सुमारे ७५ टक्क्यांनी कमी होते. औषध किती वर्षे घ्यावे याची सर्वांना लागू अशी मुदत नाही. दर वर्षी विचार करून ते चालू ठेवावे वा बंद करावे.

ज्यांना हा उपचार चालत नाही वा नको आहे, त्यांच्यासाठी संप्रेरकांविना असलेली काही औषधे व वर्तनोपचार उपलब्ध आहेत. नियमित चालणे, पुरेशी प्रथिने व कॅल्शियम, आणि मिश्रीसह तंबाखूचा संपूर्ण त्याग हे तर सर्वांनाच लागू आहे. धूम्रपानाने रजोनिवृत्ती एक-दोन वर्षे लवकर येते. शेजारणीला लागू पडलेले औषध दुकानातून आपल्या मनाने आणणे मात्र घातक ठरू शकते.

चार कल्पित उदाहरणे

हे सर्व नियम प्रत्यक्षात कसे लागू होतात, हे चार कल्पित उदाहरणांवरून स्पष्ट होईल.

चव्वेचाळीस वर्षांच्या एका प्राथमिक शिक्षिकेची पाळी दीड-दोन महिन्यांनी येते. रात्री चार वेळा घाम फुटून जाग येते, वर्गात शब्द आठवत नाहीत. रक्तदाब सामान्य आहे, घरात स्तनाच्या कर्करोगाचा इतिहास नाही. गरोदरपण व थायरॉइडचा विकार नसल्याची खात्री करून तिला आताच उपचार सुरू करता येईल. पाळी पूर्ण जाण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

अठ्ठेचाळीस वर्षांच्या एका सरपंच स्त्रीला वाफांचा त्रास नाही, परंतु पाळी बारा दिवस टिकते आणि रक्त फार कमी झाले आहे. येथे प्रथम सोनोग्राफी व अस्तराची तपासणी, लोहाची पूर्तता आणि रक्तस्रावावर उपचार हवेत. गर्भाशय काढण्याचा विचार हे सर्व करून पाहिल्यानंतरचा.

छत्तीस वर्षांच्या एका ऊसतोड कामगार स्त्रीचे गर्भाशय व दोन्ही बीजकोश दोन वर्षांपूर्वी काढले आहेत. तिला सांधे दुखतात, झोप नाही, कामाला अंग उचलत नाही. चौघींमध्ये उपचाराची सर्वांत अधिक निकड हिला आहे, आणि तो मिळण्याची शक्यता सर्वांत कमीही हिलाच आहे.

एकसष्ट वर्षांच्या एका निवृत्त कर्मचारी स्त्रीची पाळी छेचाळिसाव्या वर्षी गेली. हाडे मजबूत व्हावीत म्हणून आता हा उपचार सुरू करावा काय, असे ती विचारते. पंधरा वर्षांनंतर तो प्रथमच सुरू करणे योग्य नव्हे. तिच्या हाडांसाठी इतर औषधे आहेत.

गावपातळीवर काय करता येईल?

उपचाराचा निर्णय स्त्री व तिचे डॉक्टर यांनी घ्यावयाचा असतो. परंतु ती डॉक्टरांपर्यंत योग्य वेळी पोहोचणे हे गावातील वातावरणावर अवलंबून असते. महिला ग्रामसभेत वर्षातून एकदा हा विषय घेतला, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना वा आरोग्यसेविकेला बोलावले, तर "पाळी जाणे" हा शब्द उघडपणे उच्चारला जाईल. तीस वर्षांवरील व्यक्तींच्या रक्तदाब, मधुमेह, स्तन व गर्भाशयमुख यांच्या तपासण्या आयुष्मान आरोग्य मंदिरांतून होतात. चाळिशीतील स्त्रियांनी त्या करून घेतल्यास उपचारापूर्वीची निम्मी तयारी आपोआप होते. गावात गर्भाशय काढण्याचा सल्ला मिळालेल्या स्त्रीला सरकारी रुग्णालयातील स्त्रीरोगतज्ज्ञाचे दुसरे मत घेण्यास सदस्यांनी साहाय्य करावे. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या बाबतीत हे काम हंगाम सुरू होण्यापूर्वी व्हावे, कारण एकदा गाडी निघाली की पुढील पाच-सहा महिने दवाखाना दूर राहतो.

शाळा व कार्यालये यांच्या प्रमुखांनीही काही साध्या गोष्टी ध्यानात घ्याव्यात. स्वच्छ स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी, चालणारा पंखा आणि तपासणीसाठी लागणारी अर्ध्या दिवसाची रजा यांसाठी वेगळ्या योजनेची आवश्यकता नाही. पंचेचाळीस-पन्नाशीतील अनुभवी शिक्षिका वा कर्मचारी एकाएकी विसरभोळी, चिडखोर वा गैरहजर राहणारी झाली, तर ज्ञापन देण्यापूर्वी तिच्या प्रकृतीची चौकशी करणे अधिक उचित ठरेल.

रजोनिवृत्तीनंतर भारतीय स्त्रीच्या आयुष्याची पंचवीस-तीस वर्षे शिल्लक असतात. त्या वर्षांतील हाडांचे बळ, झोप आणि कामाची उमेद बऱ्याच अंशी संक्रमणाच्या काही वर्षांत घेतलेल्या, किंवा न घेतलेल्या, निर्णयांवर अवलंबून असते. तो निर्णय संप्रेरक उपचार घेण्याचा असो वा न घेण्याचा, तो माहितीच्या आधारे व वेळेत झाला पाहिजे. ही माहिती ऊसतोडीच्या पालावरील स्त्रीपर्यंत पोहोचविण्याचे काम गावचे शिक्षक, सदस्य व आरोग्य कर्मचारी यांनाच करावयाचे आहे.